पूल आला हं

ओसाकातल्या त्या बसमध्ये शिउचू पोटऱ्यांतली कळ दाबत बसली होती, आणि कळीबरोबर नवऱ्यावरचा रागही. बस नदीकडे वळली, पुलाच्या चढाला लागली, आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या सीटकडे जरासा कलून थिएनवांग पुटपुटला, “आ-रू, पूल आला हं. चल, बरोबर ये.” इतकंच. मग तो पुन्हा सरळ बसला आणि समोरच्या माणसाच्या टोपीकडे बघत राहिला. शिउचूला आधी वाटलं, आपले कान वाजले. वर्ष होऊन गेलं होतं, या माणसाच्या तोंडून मुलीचं नाव निघालं नव्हतं. पूल संपला, बस उताराला लागली, पुढे दुसरा कालवा आला, तिथे पूल म्हणावा असा पूलही नव्हता, आणि त्याचे ओठ पुन्हा हलले. आता मात्र तिने नीट ऐकलं. तिच्या हातातली छत्री सुटून खाली पडली. थिएनवांगने वाकून ती उचलून दिली. कोणाला हाक मारलीस, हे तिने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. त्यांच्या ताइनान गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की मेलेल्या माणसाला एकट्याने पाणी ओलांडता येत नाही. ते काठावर थबकतं, गोंधळतं. घरच्या कुणीतरी नावाने हाक मारून सांगावं लागतं, पूल आला, वळण आलं, बोगदा आला, भिऊ नकोस, मागे मागे ये. शिउचूच्या आईला इस्पितळातून आणलं तेव्हा तिचा भाऊ गाडीत पुढे बसून सगळ्या वाटेवर असा ओरडत आला होता. घसा बसला होता बिचाऱ्याचा. मेलेलं माणूस ओ देत नाही, पण ऐकतं, असं म्हणतात.

म्हणजे आ-रू इथे होती. या बसमध्ये, या दोघांच्या मध्ये. शिउचूने त्या सीटकडे बघितलं. निळं कापड, कडेला उसवलेलं. गेले आठ महिने ती या रिकाम्या सीटवर मनातल्या मनात जळत होती. नागासाकीला, हाँगकाँगला, फुकुओकाला, जिथे म्हणून गेले तिथे हा माणूस बसमध्ये, गाडीत, बागेतल्या बाकावरसुद्धा मध्ये एक जागा सोडून बसायचा. तिला वाटायचं, याला माझा खांदा लागलेलाही नको झालाय. एकदा नागासाकीच्या ट्राममध्ये एक कॉलेजची मुलगी त्या जागेवर बसायला आली तर याने हात आडवा धरला, ती पोर ओशाळून पुढे गेली, आणि शिउचू तिथल्या तिथे शरमेने मेली होती. जेवायला बसलं की तीन वाडगे मागवायचा. “तुझं पोट आहे का विहीर?” ती म्हणायची. तिसरा वाडगा तसाच निवत राहायचा, मग थिएनवांग तो हळूच तिच्याकडे सरकवायचा, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून ती पुटपुटत खायची. तेव्हा मी कोणाच्या पुढ्यातलं खात होते, हे आत्ता तिच्या लक्षात आलं. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पदर नसलेल्या बायका जे करतात ते केलं, बाहीने डोळे पुसले.

दोघांनी मिळून अख्खा जन्म ताइनानच्या बाजारात माशाची पेज विकली. पहाटे तो मासे सोलायचा, काटे काढायचा. ती गिऱ्हाइकं सांभाळायची. तोंड तिचं, हात त्याचे, असं गिऱ्हाइकं म्हणायची. एकमेकांना त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. आधी नुसतं ‘ए’ असायचं. मुलगी झाल्यावर ‘आ-रूच्या बाबा’, ‘आ-रूच्या आई’ झालं आणि तेच कायमचं बसलं. आ-रूच्या बाबा, आलं संपलं. आ-रूच्या आई, तीन नंबरला सुटे दे. मग मार्चमधल्या एका ओल्या संध्याकाळी, हुईरू, घरातली आ-रू, कामावरून घरी येताना, चौकात तिची स्कूटर एका टेम्पोखाली गेली. चौतिसावं चालू होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांना एकमेकांना हाक मारायला शब्दच उरला नाही. ‘आ-रूच्या बाबा’ जिभेवर यायचं आणि विस्तवासारखं परत गिळावं लागायचं. पुन्हा ‘ए’ सुरू झालं. मग ‘ए’ पण गेलं. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरायचा. ती फोडणीचा झारा आपटायची. एवढ्यावर संसार चालला होता.

हुईरू प्रवासाच्या कंपनीत कामाला होती. दिवसभर फोनवर लोकांना ओसाका, बुसान, सोल विकायची. तिचा तो फोनवरचा आवाज, अर्धा खरा अर्धा लाडिक: “एकदा जाऊन तर बघा काकू, परत यावंसंच वाटणार नाही!” घरी जेवतानासुद्धा फोन आला की घास गालात ठेवून तेच वाक्य, आणि मग फोन ठेवून खो खो हसणं. स्वतः मात्र कधी कुठे गेली नाही. सुट्टीच्या दिवसांत गिऱ्हाइकांची गर्दी, उरलेल्या दिवसांत आईच्या दुकानाला हातभार. “तुम्हा दोघांना आधी पाठवते, मग मी,” म्हणायची. शिउचू म्हणायची, “आधी लग्न कर, मग नवऱ्याबरोबर जा.” तेवढ्यावरून मायलेकींचं वाजायचं. शेवटच्या सकाळीही वाजलंच होतं थोडं. फार नाही. रोजच्याइतकंच.

आणि मग ती काठी. शिउचूला बाकीचं काही आठवायचं नव्हतं, पण काठी पाठ सोडत नव्हती. आईबापाच्या आधी जाणं हे मुलाचं पाप. म्हणून शवपेटी घरातून हलायच्या आधी बापाने त्या पेटीवर काठी मारायची, की झालं, शिक्षा झाली, पाप फिटलं, वरती कुणी पुन्हा विचारायचं नाही. आणि पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना पोचवायला जायचं नसतं, म्हणून आईने बाहेरही यायचं नाही. शिउचूला मागच्या खोलीत बसवलं होतं, दोघी जावांनी दंडाला धरून. दार लोटलेलं. तिने डोळे मिटले होते. कानांना मिटायची सोय नव्हती. लाकडावर लाकूड वाजलं. पुन्हा. पुन्हा. ज्या हातांनी एवढुश्या पोरीला काटे काढून मासा भरवला, त्याच हातांनी. जावा म्हणत होत्या, रड, रडून घे. तिला रडू आलं नाही. तिला वाटलं, हा माणूस मला आता नको.

पुढचं तर त्याहून वाईट. मेलेल्यांच्या नावाच्या पाट्या घरच्या देव्हाऱ्यावर पुजतात, पण लग्न न झालेल्या मुलीची पाटी माहेरच्या देव्हाऱ्यावर बसत नाही. ती बसायची नवऱ्याच्या घरच्या देव्हाऱ्यावर; नवराच नाही तर घर कुठलं? थोरला दीर थिएनफू म्हणाला, “रीत आहे शिउचू. मी नाही केलेली.” गावाबाहेर अशा मुलींचं एक देऊळ आहे, तिथे भिंतभर फळ्या, फळ्यांवर पाट्या, कुणाच्या कोण. तिथे ठेवायची. शिउचू नवऱ्याकडे बघत राहिली. आता तरी हा बोलेल, भावाच्या अंगावर जाईल, निदान भांडं तरी आपटेल. थिएनवांग म्हणाला, “बरं.” त्या एका ‘बरं’वर तिने महिने काढले. आणि मग दिवाळं निघाल्यासारखं घर पडलेलं असताना हा एके दिवशी दुकानाला कुलूप घालून आला आणि म्हणाला, “नागासाकीला जाऊ या.” बाजारात चर्चा झालीच. समोरची भाजीवाली तर तोंडावर म्हणाली, “पोरगी जाऊन वर्ष नाही झालं, आणि म्हातारा-म्हातारी निघाली जग बघायला. मजा आहे बाई!” शिउचू तरी गेली. का गेली? घरात एकटी राहिली असती तर त्या मागच्या खोलीत राहावं लागलं असतं, म्हणून.

ओसाकाहून ते बुसानला आले. शिउचूने तोंड उघडलं नाही. ती नुसती बघत होती, चोरासारखी. बोगदा आला की त्याचे ओठ हलत. फिरत्या जिन्यावर पाय ठेवताना तो क्षणभर थांबून बाजूला होई, कुणाला तरी पुढे जाऊ द्यावं तसा. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसलं नव्हतं. लॉजवर त्याचा सदरा खुंटीला लावताना आतल्या खिशात काहीतरी लागलं: लाल कापडाची पुरचुंडी, बोटाच्या पेराएवढी. तिने हुंगली. उदबत्तीची राख. त्या देवळातली. पाटीपुढची राख बरोबर घेतली की मेलेलं माणूस तिच्याबरोबर येतं. म्हणजे हा त्या देवळात जात होता, तिला न सांगता, धूपदाणीतली राख घेऊन, पोरीला खिशात घालून देशोदेशी हिंडवत होता, आणि परत नेऊन त्या फळीवर ठेवत होता. शिउचूला आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही असेल कुठेतरी. पण वर उसळला तो संताप. माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती, आणि मला कुणी सांगितलं नाही! मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. उलट तिच्यासमोर दिवसभर कुरकुर केली, हे महाग, ते फिकं, पाय दुखतात. सुपाच्या खानावळीत मालकिणीने दोन चमचे मांडले तेव्हा थिएनवांगने तीन बोटं दाखवली. मालकीण दाराकडे बघून काहीतरी म्हणाली, तिसरं माणूस यायचंय का, असंच काहीतरी असणार. या वेळी शिउचूनेच हातवारे करून तिला सांगितलं, आण, आण. थिएनवांगने चमकून बायकोकडे बघितलं. ती वाडग्यात मान घालून बसली. तिसऱ्या वाडग्याला त्या दिवशी तिने हात लावला नाही.

सोलमध्ये ते फुटलं. दुपारची वेळ होती, शहरातली गाडी अर्धी रिकामी. दोघं मध्ये जागा सोडून बसले होते. समोर एक आजोबा डुलक्या घेत होते. शिउचू समोर बघतच म्हणाली, “पुरचुंडी सापडली मला.”

थिएनवांगचा हात आतल्या खिशाकडे गेला.

“बोल ना. तिकडे भाऊ म्हणाला तर ‘बरं’, इकडे मी म्हणते तर ‘बरं’ पण नाही?”

“तिला विचारलं मी,” तो म्हणाला. “देवळात. नाणी टाकून विचारलं, फिरायला येतेस का. लगेच हो म्हणाली.”

“आणि मला विचारायला काय झालं होतं?”

“तू नाही म्हणाली असतीस तर?” तो म्हणाला. मग स्वतःच्या हातांकडे बघत, “तू माझ्याकडे बघतही नव्हतीस.”

“बघू? मी बघू तुझ्याकडे?” तिचा आवाज चढला. इथे आपली भाषा कुणाला कळते, म्हणून चढला तो चढतच गेला. “पेटीवर काठी हाणलीस तिच्या, आणि आता पूल दाखवत फिरवतोस? लाड करतोस? आधी मारायचं आणि मग खाऊ द्यायचा, होय रे?”

“नाही मारलं तर पाप तिच्या माथी राहतं.”

“मला पाप शिकवू नकोस! मी आत होते. मला ऐकू आलं.”

“मी टेकवली होती नुसती,” थिएनवांग म्हणाला. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, सोललेल्या माशासारखे. “पहिल्यांदा नुसती टेकवली. दादा म्हणाला, असं चालत नाही, आवाज आला पाहिजे. मी म्हटलं, नाही येणार. म्हणाला, मग वरती ते लोक मारतील तिला. ते काय हळू मारणारेत? म्हणून मी मारली. म्हटलं, त्यांच्यापेक्षा मी मारलेली बरी. मला माहीत आहे तिला कुठे लागतं.”

वर्षभर शिउचूने तो आवाज एकटीने ऐकला होता, असं तिला वाटत होतं. तो आवाज ज्याने काढला त्यालाही तो ऐकू येत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती काहीतरी म्हणणार तेवढ्यात खिडक्या काळ्या झाल्या. गाडी जमिनीखाली शिरली होती. थिएनवांग ताडकन उठून उभा राहिला. काचेत त्याचाच चेहरा, पांढराफटक.

“पूल,” तो म्हणाला. “पूल होता. हान नदी. गेली.”

“हाक?”

“नाही मारली.”

दोघांनी मधल्या सीटकडे बघितलं. काल कुणी तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, वेडा झालास, राख तर खिशात आहे. आता मात्र तिलाही दिसलं. खिशात राख होती, पण आ-रू नदीच्या पलीकडे उभी होती. परक्या गावात, काठावर, आईबाप भांडता भांडता तिला विसरून निघून गेलेत आणि ती हाक यायची वाट बघत्ये. “ऊठ,” शिउचूने नवऱ्याची बाही धरली. “चल, उतर. उतर आधी!” किती दिवसांनी तिने त्याला हात लावला होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

उलट दिशेची गाडी धरून ते परत नदीपार आले आणि स्टेशनातून काठावरच्या बागेत उतरले. गार वारं सुटलं होतं. नदी रुंद, करडी, आणि तिच्यावरून गाड्या धडधडत जात होत्या. कोणी बायका व्यायामाच्या लोखंडी यंत्रांवर पाय मागेपुढे करत होत्या. थिएनवांगने एका वाळुंजाच्या झाडाखाली रुमाल अंथरला, घरून आणलेली दोन नाणी काढली. एक छाप वर आणि एक खाली पडला तर हो. दोन्ही खाली, तर नाही. दोन्ही वर, तर ज्याला विचारलं ते हसतंय.

“आ-रू, बाबा आलाय. आहेस ना? चल, जाऊ या.”

नाणी पडली. दोन्ही छाप वर.

“हसत्येय,” तो म्हणाला, आणि त्याचाही चेहरा हसल्यासारखा झाला. गंभीर काही विचारलं की ती हसायचीच.

पुन्हा टाकली. दोन्ही खाली. “चुकलो आम्ही, आ-रू. आता नाही चुकणार. घरी चल.” दोन्ही खाली. पुन्हा. नाही. थिएनवांग गुडघ्यांवर बसला होता तो तसाच खाली बसला. “रागावली,” तो म्हणाला. “काठीचं धरून बसली. येत नाही म्हणते.” आणि साठी उलटलेला तो माणूस, भावापुढे ‘बरं’ म्हणणारा, परक्या नदीच्या काठी तोंड उघडं टाकून रडायला लागला. यंत्रावरची एक म्हातारी उतरून आली, तिने खिशातून कागदी रुमालांचा पुडा काढून शिउचूच्या हातात कोंबला आणि काही न विचारता निघून गेली.

शिउचूने नाणी उचलली. ती थंडगार होती. मुलगी गेल्यापासून तिने तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. त्या देवळाच्या पायरीवर तिने पाय ठेवला नव्हता. ज्या घराने पोरीला बाहेर काढलं त्या घरावरचा राग तिने असा काढला होता, पोरीवरच. आता तिला त्या फळ्या दिसल्या, कधी न पाहिलेल्या. कोंदट अंधार, अनोळखी पोरींची रांग. दर फेरीनंतर बाप तिला गोड बोलून परत तिथेच नेऊन ठेवत होता. घरी चल म्हणे. कुठल्या घरी? आणि कानात तो आवाज आला, गालात घास ठेवलेला, अर्धा खरा अर्धा लाडिक: एकदा जाऊन तर बघा काकू.

“आ-रू,” ती म्हणाली. नाव जिभेवर आलं आणि भाजलं नाही. “आई आहे गं. तुला इथेच राहायचंय का?”

एक छाप वर, एक खाली.

थिएनवांग रडायचा थांबला. शिउचूने पुन्हा टाकली. हो. अजून एकदा. हो.

“बाबावर राग नाही ना तुझा?” हे विचारून मात्र तिने नाणी टाकली नाहीत. मुठीत धरून ठेवली. “नाहीये रे राग,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी आई आहे, मला नाणी कशाला लागतात? पोरीने जन्मभर लोकांना सांगितलं, जाऊन तर बघा, परत यावंसं वाटणार नाही. तिला नाही वाटत यावंसं. त्या फळीवर जायला कुणाला वाटेल?”

“इथे तिचं कोण आहे?” तो म्हणाला.

“तिथे तरी कोण होतं?”

त्याने आतल्या खिशातून लाल पुरचुंडी काढली. गाठ घट्ट बसली होती, त्याला ती सुटेना. शिउचूने दाताने सोडवली. वाळुंजाच्या मुळाशी त्याने बोटांनी माती उकरली, पहाटे माशाचे काटे काढायचा तशी, अगदी अलगद, बारीक खडेसुद्धा वेचून. राख चिमूटभरच होती. वरून माती सारल्यावर तो तिच्यावर तळवा टेकवून बसला. नुसता टेकवून. आवाज झाला नाही. शिउचूला आता रडू आलं, दंडाला कुणी धरलेलं नव्हतं, बाहेर यायला कुणाची बंदी नव्हती, आणि ती मोठमोठ्याने, गावच्या बायकांसारखी, पोरीचं नाव घेऊन रडली.

परतीच्या गाडीत तो सवयीने एक जागा सोडून बसला. हात पुन्हा पुन्हा छातीकडे जात होता, रिकामा खिसा चाचपून खाली येत होता. शिउचू उभी होती ती त्या मधल्या जागेवर येऊन बसली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला, वाऱ्यात बसून गारठलेला. गाडी सुटली. खिडकीत नदीचा काठ आला, वाळुंजाची झाडं आली, त्यांतलं ते कुठलं हे कळायच्या आत मागे पडलं, आणि रुळांचा आवाज बदलला. पूल. थिएनवांगचे ओठ उघडले, आणि त्याला आठवलं, आणि तसेच उघडे राहिले. तो पाण्याकडे बघत होता. बघता बघता त्याचे डोळे असे लांब गेले की शिउचूला भीती वाटली. हा पलीकडेच राहतोय. हा वर्षभर पलीकडेच होता, त्या पेटीपाशी, हातात काठी घेऊन, आणि याला कुणी हाकच मारली नाही. मी तर नाहीच नाही.

आ-रूच्या बाबा, असं तिच्या ओठांवर आलं. पण हाक मारायची तर नावानेच मारावी लागते.

“थिएनवांग,” ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. नाव तोंडात परकं लागलं, दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं. “थिएनवांग, पूल आला हं. भिऊ नकोस. चल, बरोबर ये.”

त्याने मान वळवली नाही. नदी अर्धी झाली, संपत आली. तिने त्याचा हात धरला, नखांत माती होती. “थिएनवांग,” ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. समोर बसलेल्या बाईने वर बघितलं. मग गाडी जमिनीखाली शिरली, काचा काळ्या झाल्या, आणि त्या काळोखात, तिच्या खांद्याजवळ, थिएनवांगने ओ दिली.